प्रेमला येईल तेव्हा

आमच्या गोदरेजच्या कपाटातला वरचा कप्पा बघायला लोक एरंडवण्यात रांग लावतील, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. अख्खा कप्पासुद्धा नव्हे. त्यातली एक साडी. पण रांग लागली, हे खरं. शनिवार-रविवारी त्या बंगल्याच्या दारात चपलांचा एवढा खच, की मला वाटलं आत सत्यनारायण आहे.

हे कर्तृत्व आमच्या कन्येचं. ओवी इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या एका कंपनीत चार वर्षं राबली आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "मी राजीनामा दिलाय. मला कापडावर काम करायचंय."

"अगं, मग शिवणाचा क्लास लाव की. राजीनामा कशाला?" मी म्हटलं.

"शिवण नाही गं आई. टेक्स्टाइल आर्ट."

आमचे हे, म्हणजे बाळ (माणूस सत्तरीला आला तरी बाळच राहिला, त्याला माझा इलाज नाही), आमटीचा भुरका मारून म्हणाले, "उत्तम. माझ्या लेंग्याची नाडी आत गेलीय. तेवढी काढून उद्घाटन कर." ओवीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मुलगी माझ्यावर गेलीय.

मग ती अहमदाबादला जाऊन शिकून आली आणि दोन-तीन मैत्रिणींबरोबर तिनं हे प्रदर्शन मांडलं. जुन्या बंगल्याचा तळमजला पांढराशुभ्र रंगवून कुणीतरी त्याची गॅलरी केली होती. तिची नांदेडची मैत्रीण प्रियदर्शनी, तिनं तर कहरच केला. आयटी कंपन्यांतले लोक गळ्यात ओळखपत्रं अडकवतात ना, त्या निळ्या-लाल फिती शेकड्यांनी गोळा करून तिनं त्यांची सतरंजी विणली होती. बाळ तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चला, आयटीवाल्यांना शेवटी टेकायला जागा मिळाली."

ओवीच्या मांडणीचं नाव होतं 'घडी'. तिनं पुण्यातल्या घराघरांत फिरून अशा साड्या मागून आणल्या होत्या, ज्या घेतल्या पण कधी नेसल्याच गेल्या नाहीत. प्रत्येक साडी पांढऱ्या फळीवर घडी घातलेलीच ठेवलेली आणि खाली एक छोटं कार्ड. 'सासूबाईंना रंग आवडला नाही.' 'साखरपुडा मोडला.' 'फार भारी वाटली, प्रसंगच आला नाही.' एका कार्डावर नुसतं 'विसरले' एवढंच होतं, आणि तिथे मात्र मला हसू आवरलं नाही. बायका एकेका कार्डापाशी थबकून वाचत आणि मग रुमाल शोधत. घरी हेच कप्पे उघडून बघायला त्यांना वेळ नसतो.

चौथ्या फळीवर माझी साडी होती. मोरचुदी अंगाची, कुसुंबी काठांची, गर्भरेशमी नारायणपेठ. खाली ओवीनं लिहिलं होतं: 'प्रेमला येईल तेव्हा.'

हे मी सांगितलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं होतं, 'एका मैत्रिणीसाठी' असं लिही. नाव घालायची काय गरज होती? पण ती म्हणाली, "आई, तू लहानपणापासून मला हेच उत्तर देत आलीस. ही साडी कधी नेसणार असं विचारलं, की 'प्रेमला येईल तेव्हा'. मी फक्त उतरवून घेतलं."

आता घडी मोडणं म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला सांगावं लागू नये. पण ओवीच्या मैत्रिणींना सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. नवीन साडी घेतली, की ती पहिल्यांदा आपण नेसायची नाही. आपल्या जिवाभावाच्या बाईला द्यायची. बहीण, नणंद, मैत्रीण, जी असेल ती. "घे, तू घडी मोड," म्हणायचं. ती दिवसभर मिरवते, संध्याकाळी परत आणून देते, आणि मग ती साडी आपली. असं का, ते मला विचारू नका. नवं कापड आधी दुसऱ्याच्या अंगावर बघण्यात एक सुख असतं, ते ज्यांनी घेतलंय त्यांना ठाऊक आहे.

मी आणि प्रेमलानं ते पोटभर घेतलं. आम्ही दोघी टेलिफोन खात्यात ऑपरेटर, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. खुर्चीला खुर्ची लावून. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, आणि दोन कॉलच्या मधल्या फटीत आमच्या गप्पा. सोलापूर लागेपर्यंत तिनं सासूचं गाऱ्हाणं सुरू करायचं आणि सोलापूर बोलून होईपर्यंत मी ते मनात धरून ठेवायचं. तिची अंजिरी कलकत्ता मी मोडली, माझी पहिली इरकल तिनं. नवी साडी दिसली की सगळा हॉल विचारायचा, "कुणाची गं?" आणि प्रेमला छाती काढून सांगायची, "हेमाची. मी घडी मोडतेय." तिच्या अंगावर साडी जेवढी शोभायची तेवढी माझ्या अंगावर कधीच शोभली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं.

माझे वडील वाईला वारले, तो कॉल आमच्याच बोर्डावर आला होता. प्रेमलानं घेतला. तिनं तो मला जोडून दिला नाही. तिनं माझ्या कानावरचा हेडफोन काढला, माझा हात धरला आणि मला जिन्यानं खाली नेलं. जिन्यावर बसवून, माझा हात तसाच धरून, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नंतर मेमो मिळाला तिला, बोर्ड सोडल्याबद्दल. तिनं तो कधी मला दाखवलाही नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

पुढे गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ उगवले आणि आमच्या बोर्डावर धूळ बसायला लागली. आम्हाला चौकशीच्या टेबलांवर बसवलं. तिचा मुलगा सौमित्र कॉम्प्युटर शिकला आणि न्यू जर्सीला गेला. त्या काळात पुण्यातून जो तो तिकडेच जात होता. कर्वे रोडवरच्या सुटकेसच्या दुकानांनी तेवढ्यावर माड्या चढवल्या. सूनबाईंचं बाळंतपण करायला जायचं म्हणून प्रेमलानं स्वेच्छानिवृत्ती घेतली.

ती जाणार हे कळलं, तेव्हा नुकताच पाचव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला होता. मी लक्ष्मी रोडला गेले आणि आयुष्यात घेतली नव्हती एवढी भारी साडी घेतली. फॉल-पिको करून, कडक इस्त्री करून आणली. ठरवलं होतं, ती निघण्याआधीच्या रविवारी तिला जेवायला बोलवायचं, साडी तिच्या हातात ठेवायची, आणि दिवसभर तिला त्या साडीत बघत बसायचं. एवढंच. पण तिकडे सूनबाईंना दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेलं आणि प्रेमलाला मिळेल त्या विमानानं निघावं लागलं. मी साडी घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा ती सुटकेसवर बसून झिप ओढत होती. पिशवीत डोकावून म्हणाली, "अगं बाई! काय रंग आहे! हेमे, सहा महिन्यांत येतेच आहे मी. आल्या आल्या मोडते. तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं."

नाही दिली.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग दुसरी नात झाली, मग ग्रीन कार्ड झालं, मग तिचे गुडघे. ती दोनदा येऊन गेली. एकदा कोथरूडचा फ्लॅट विकायला आणि एकदा नाशिकच्या कुणाच्या तरी लग्नाला. दोन्ही वेळा माझ्या वाट्याला एकेक संध्याकाळ आली. दोन्ही वेळा मी साडी काढून दिवाणावर ठेवली. पहिल्यांदा ती म्हणाली, "आत्ता नको गं, डोळे मिटतायत माझे. अशी घाईघाईत नाही मोडायची." दुसऱ्यांदा खाली टॅक्सी उभी होती.

दसऱ्याला तिचा फोन यायचा. "साडी आहे ना गं?" "आहे. वाट बघतेय तुझी." "येते, येते." मग नातवंडं, मग हवा, मग ठेवला फोन. साडी वाट बघतेय, असंच मी दरवेळी म्हणायची. मी बघतेय, असं नाही म्हणायची. आमच्या सदाशिव पेठेत तसं बोलायची पद्धत नाही.

रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवायची नसते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मधून मधून काढावी, वारा द्यावा, उलटी घडी घालावी. नाहीतर घडीवर कापड चिरतं. मी माझ्या बाकीच्या साड्यांचं ते सगळं करत होते. हिला हात लावला नाही. नेसल्याशिवाय उलगडली तर घडी मोडली असं होत नाही, हेही मला कळतं. पण माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. मी ठरवलं होतं की ही प्रेमलाच्याच हातानं उलगडेल, मग ती फॉलवाल्या बाईनं घातलेली घडी तशीच राहिली. बाळ म्हणाले होते, "अगं, साडी आहे की अस्थिकलश?" मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

प्रदर्शनासाठी साडी दिली तेव्हा ओवीनं पांढरे हातमोजे घालून ती दिव्याखाली धरली. घडीची एक कड बोटानं जराशी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"आई, घडीच्या रेघेवर रेशीम गेलंय. वरून दिसत नाही, पण आता उलगडली तर चिरेल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"दोन वर्षं तेच शिकले मी."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

आणि मग प्रेमला आली.

झालं असं, की एका वर्तमानपत्रानं प्रदर्शनावर लिहिलं आणि फोटो नेमका माझ्या साडीचा छापला, कार्डासकट. तो फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत न्यू जर्सीला पोचला. सौमित्रच्या मुलाची मुंज पुण्यातच करायची ठरलेली होती. हल्ली तिकडची मंडळी मुंजीला इकडे येतात, तिकडे म्हणे भिक्षावळीला गर्दी जमत नाही. प्रेमलाचा फोन आला. आवाज नाचत होता. "हेमे! मी येतेय! सरळ गॅलरीतच येते. तिथेच भेटू!"

"घडी मोडायला?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आता तरी मोडायलाच हवी!"

मी तुम्हाला खरं सांगते, पासष्टीच्या बाईनं असं वागू नये. मी तिचा फेसबुकवरचा फोटो ओवीकडून मोठा करून घेतला आणि अंदाजानं ब्लाउज शिवून घेतला. ती भरली होती, म्हणून आत चांगली माया ठेवायला सांगितली. परकर घेतला. पिना घेतल्या. साडी चिरणार हे मनात होतंच, पण मी म्हटलं, चिरू दे. तिच्या अंगावर चिरू दे. मागच्या खोलीत नेऊन मीच नेसवीन, चिरलेलं निऱ्यांत घालवीन, आणि ती त्या हॉलच्या दारातून बाहेर येईल तेव्हा कुणीतरी विचारेल, कुणाची गं. आठवडाभर मला हेच दिसत होतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. बाळ मुकाट्यानं जेवले, यावरून काय ते समजा.

ती आली ती सगळा गोतावळा घेऊन. सून, दोन नाती, आणि ज्याची मुंज व्हायची होती तो बटू. प्रेमला पांढऱ्या पँटवर निळा कुडता घालून होती, केस छान कापलेले. आत पाऊल टाकलं आणि कुणीतरी ओरडलं, "याच त्या प्रेमला!" झालं. बायकांनी तिला गराडा घातला. ती रडली, अगदी खरं रडली. मला मिठी मारली, आणि तिच्या केसांना अजून तोच शिकेकाईचा वास येईल अशी मला का कोण जाणे आशा होती. नव्हता. पण मिठी तीच होती, तशीच घट्ट, आणि मला क्षणभर दुसरं काहीही नको होतं.

मग ती साडीपुढे उभी राहिली. वरून दिवा सोडलेला होता, मोरचुदी रंग नुसता पेटला होता. ओवीनं पुढची दोरी काढली. मी घडी दोन्ही हातांत घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"घे. मोड," मी म्हटलं.

प्रेमलानं हात पुढे केला. बोटं साडीवर ठेवली. आणि मागे घेतली.

"नाही गं हेमे," ती म्हणाली. "वेडी आहेस का? अशीच किती सुंदर दिसतेय ती! एवढी वर्षं तू माझ्यासाठी राखलीस. ही आता साडी राहिली नाही, ही आपली मैत्री आहे. लोकांना बघू दे. हिची घडी कधीच मोडायची नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. एका बाईनं डोळे पुसले. सूनबाईंनी इंग्रजीत काहीतरी म्हणून आमचा फोटो काढला: मी साडी धरलेली, प्रेमला माझ्या खांद्याला गाल लावलेली. फोटोत मी हसतेय. आजतागायत तो फोटो तिच्या फोनच्या पडद्यावर आहे, सौमित्रनं सांगितलं.

तिला वाईट वागायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तिला मनापासून वाटत होतं की याहून मोठा मान नाही. पायाशी ब्लाउज-परकराची पिशवी होती, ती मी पायानंच टेबलाखाली सरकवली. बाई आली होती, हात लावला होता, आणि मी अजून वाट बघणारीच राहिले होते. उलट आता तर वाट बघणं कायमचं झालं होतं. त्यावर दिवा सोडलेला होता.

मुंजीला मी गेले. बुंदीचे लाडू चांगले होते. प्रेमला पाहुण्यांत बुडालेली. "निघताना निवांत भेटू," म्हणाली, आणि निघताना फोनवर भेटली, विमानतळावरून.

प्रदर्शन संपलं त्या संध्याकाळी मी गॅलरीत गेले. प्रियदर्शनी आपली सतरंजी गुंडाळत होती. ओवी एकेक साडी मलमलीत बांधून ज्याच्या त्याच्या नावानं ठेवत होती. माझी अजून फळीवरच होती.

"आई, कोचीच्या कलाप्रदर्शनाच्या लोकांनी 'घडी' मागवलीय," ओवी म्हणाली. "तुझी साडी मुख्य हवीय त्यांना. नेऊ?"

"नको."

"घरी नेणार? परत कपाटात?"

"नाही," मी म्हटलं, आणि साडी उचलून मधल्या मोठ्या टेबलावर ठेवली.

तिच्या लक्षात आलं. "आई, थांब. आई! मी सांगितलंय तुला, तुटेल ती!"

मी पहिली घडी उलगडली. आवाज झाला, पापड मोडल्यासारखा, अगदी बारीक. दुसरी उलगडली. पुन्हा तोच आवाज. प्रत्येक घडीच्या रेघेवर रेशीम आडवं चिरत गेलं आणि मी उलगडत गेले. सगळी साडी टेबलावरून खाली सांडली. अंगाचे तुकडे तुकडे झाले होते, पण काठ शाबूत होते. दोन्हीकडच्या काठांनी ते तुकडे धरून ठेवले होते.

"पिना आहेत का तुझ्याकडे?" मी विचारलं.

ओवी रडवेली झाली होती. वाटलं, आता ओरडेल. तिच्या कामातली सगळ्यात नावाजलेली वस्तू मी तिच्या डोळ्यांदेखत मोडली होती. पण तिनं हातमोजे काढले. माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि खालून निऱ्या धरल्या, मी धरायची तिला लहानपणी हौसेनं साडी नेसवताना, तशा. प्रियदर्शनी लांबूनच म्हणाली, "काकू, लई भारी दिसायलाय रंग तुमच्यावर." मी अंगावरच्या सुती साडीवरच ती नेसले. पदर घेतला तेव्हा चिरांमधून माझी रोजची साडी दिसत होती. समोर काळी पडलेली खिडकीची काच होती, तीत मी स्वतःकडे बघितलं. हा रंग तिलाच शोभला असता, हे मला तेव्हाही वाटलं.

मी ओवीचा फोन मागून घेतला आणि प्रेमलाला लावला. तिकडे सकाळ होती.

"मोडली," मी म्हटलं.

"अगं देवा! काय मोडलं? हात की पाय? कुठे पडलीस हेमे?"

"पडले नाही. घडी मोडली."

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"कुणी मोडली?"

"मी. आत्ता नेसलेय."

मी इतकी वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचं न बोलणं ऐकलंय. माणूस लायनीवर असूनही बोलत नाही, ते मला कळतं. शेवटी ती बोलली तेव्हा तो गॅलरीतला आवाज नव्हता. लहान, घाबरलेला आवाज होता.

"मी येणार होते ना गं."

"ठाऊक आहे."

"मग आता... आता मी कशाला येऊ?"

एरवी मी म्हटलं असतं, पुण्याची हवा चांगली आहे म्हणून ये. किंवा म्हटलं असतं, नको येऊस, तिकडे तुझे गुडघे सांभाळ. दोन्ही उत्तरं जिभेवर आली होती. ओवी अजून जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"मला तुझी फार आठवण येते," मी म्हटलं. "रोज येते. म्हणून ये."

तिकडचा नळ अजून बंदच होता. मी फोन ठेवला नाही.